चहा उकळेपर्यंत भरणारा फोन

आबा पैठण गेटच्या मोबाइलच्या दुकानात शिरले तेव्हा त्यांच्या खांद्यावर दोन रिकामी दावी लोंबत होती. सकाळीच छावणीच्या बाजारात त्यांनी दोन मेंढे विकले होते आणि पैसे कमरेच्या पिशवीत घालून ते तसेच माझ्याकडं आले होते. मी म्हटलं, "आबा, ती दावी तरी पिशवीत टाका, लोक बघायलेत." तर म्हणाले, "बघू दे की. चोरून आणल्यात व्हय?"

दुसरा दिवस असता तर मी तिथंच भांडले असते. माझा राग नाकावरच बसलेला असतो, हे आमच्या घरात शेळ्या-मेंढरांनासुद्धा माहीत आहे. पण त्या दिवशी भांडायचं नाही असं मी ठरवलंच होतं. आईसाठी फोन घ्यायचा होता. आईसाठी! जिनं जन्मात स्वतःसाठी म्हणून बाजारातून कधी काही मागितलं नाही, तिच्यासाठी व्हिडिओचा नवा कोरा फोन. मी त्यासाठी कंपनीत सुट्टी टाकली होती.

हे खूळ निघालं दिवाळीत. आमची मेंढरं आहेत. पाऊसकाळ सरला की आई-आबा कळप घेऊन गावाबाहेर पडतात, ते उन्हाळा तापेपर्यंत आज ह्या शिवारात, उद्या त्या शिवारात. ज्याच्या रानात मेंढरं बसतात त्याला खत मिळतं, आपल्याला धान्य नाहीतर पैसे. मी शिकले, वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले आणि एका खोलीत स्थिरावले. धाकटी बहीण मात्र जन्मापासून ऐकत नाही आणि बोलत नाही. हातांची भाषा शिकवणाऱ्या शाळेत तिला कुणी घातलं नाही, पण आमच्या घरानं आपली आपण एक भाषा बनवली. नाकातल्या चमकीला चिमटीत धरलं की आई. डोक्याभोवती बोट फिरवलं की आबा, कारण फेटा. आणि नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं की मी. हे नाव मला धाकटीनंच ठेवलं, चार वर्षांची असताना, आणि सगळ्या तळावर तेच चालू झालं. किती आपटले मी, पण बदललं नाही.

तिला दिली गंगापूरकडं. नवरा साखर कारखान्यावर कामाला, माणूस गुणी. सासूही बरी. पण आमची ती हातांची भाषा त्या घरात कुणाला येत नाही. नवऱ्याला थोडीफार, तीही जेव-झोप-पाणी एवढ्यापुरती. आबांकडं बटनांचा फोन होता. आई त्याच्यावरून सासूला विचारायची, "कशी हाय वो आमची बाय?" सासू म्हणायची, "बरी हाय की, लई झ्याक हाय." झालं, फोन बंद. सासू काही खोटं बोलत नव्हती. पण आईला ते तिच्या तोंडून नको होतं, लेकीच्या हातून पाहिजे होतं. दिवाळीत कळप मोठ्या रस्त्याच्या कडेला बसला होता, तिथं माझ्या फोनला रेंज होती, म्हणून मी धाकटीला व्हिडिओ लावून फोन आईच्या हातात दिला. आईनं आधी फोन उलटा करून मागं बघितलं, पोरगी मागं बसलीय का म्हणून. आणि मग दोघी जणी अशा बोलत सुटल्या, अशा बोलत सुटल्या की आईच्या बांगड्यांचा आवाज थांबेना! फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "मला असला एक घेऊन दे."

त्यानंतर दीडेक महिन्यात आनंदाची बातमी आली, तीही उशिरानं. धाकटीला तोवर सहावा लागला होता. पाच भरेपर्यंत बाहेर सांगायचं नाही, असं तिच्या सासरी पाळतात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. मी तिला व्हिडिओवर विचारलं, माझ्याकडं येतेस का, इथं दवाखाना जवळ आहे. तिनं मान हलवली, नाही. सासूनं तिला खुणा करून विचारलं, बहिणीकडं जातीस का, शहरात जातीस का. नाही. मग सगळे धरून चालले की पोरगी सासरीच बाळंत होणार. मी आईला तसं कळवलं तर आई फोनवर म्हणाली, "तिला मी विचारलंय का?"

जाऊन विचारावं तर मेंढ्या व्यायचे दिवस. एकेका रात्रीत पाच-सहा कोकरं, आणि आई तळ सोडून गेली की त्यातलं एखादं दगावणारच. शिवाय खरं भ्या वेगळंच होतं. ते ती एकदाच बोलली, "एवढं जाऊन ती नाय म्हणाली, तर मी कोणत्या तोंडानं परत यायचं?" आणि दिवस थोडे होते. आठवा लागला की गर्भारणीला हलवत नाहीत. आठवा आठवड्यावर आला होता. कळप त्या वेळी देवगाव रंगारीच्या पुढं एका आडरानात होता, आणि तिथं माझ्या सिमकार्डाची रेंज मरायची. आबांच्या कार्डाला मात्र भरपूर. म्हणून फोन तातडीनं पाहिजे होता, आबांचं कार्ड घालून.

आता तुम्ही म्हणाल, व्हिडिओ कुठल्याही फोनमध्ये होतो, घ्यायचा एखादा. आमच्या मैत्रिणीही हेच म्हणाल्या. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एक म्हणे कॅमेरा बघ, दुसरी म्हणे मेमरी बघ, तिसरी म्हणे रंग बघ गं, आईला डाळिंबी शोभेल. मी म्हटलं, बायांनो, मला फक्त एकच सांगा, चार्ज किती वेळात होतो? कारण तळावर लाईट कुठली! ज्याच्या रानात बसलो त्याच्या वस्तीवर फोन लावायचा. तिथंही लाईटच्या पाळ्या, कधी दिवसा, कधी रात्री. आणि लोकाच्या घरात फोन टाकून यायला आबा राजी नाहीत. वस्तीवर गेलं की मालकीण चहा ठेवते. चहा उकळला, कपात आला, पिऊन झाला, की उठायचं. त्याच्याउपर दुसऱ्याच्या ओट्यावर रेंगाळणं बरं दिसत नाही. म्हणजे फोन भरला पाहिजे तो तेवढ्यात. किमतीचं नंतर बघू, आधी हा हिशेब जुळला पाहिजे.

दुकानदार तिशीतला, दाढी कोरलेली, बोलण्यात पटाईत. आमच्या शहराची बोली त्याच्या तोंडात साखरेसारखी विरघळत होती. "बोलो ताई, क्या दिखाऊं? चाचा, बैठो ना, बसा बसा." त्यानं दोन फोन काढले. एक तेरा हजारांचा. खोक्यात चार्जर नाही, वेगळा घ्यायचा, आणि भरायला दोन तास तर कुठंच गेले नाहीत. दुसरा अठरा हजारांचा. त्याच्या खोक्यात चार्जर होता, ऐंशी वॅटचा, मुठीत मावणार नाही एवढा जाड.

आबांनी अठरा हजारवाला हातात घेतला, पालथा केला, कडांवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "किती वर्साचा हाय?"

"नया है चाचा! इसी साल का."

"ह्याच्या आधीचा कसा निघाला?"

"मतलब?"

"ह्याची आई," आबा शांतपणे म्हणाले. मला हसू आवरेना. मी समजावलं की ह्याच कंपनीचं आधीचं मॉडेल कसं होतं असं विचारतायत. दुकानदारानं छातीवर हात ठेवला, "एकदम तगडा था!"

मग मी माझा प्रश्न टाकला. चहा होईपर्यंत किती भरेल? तो बिचारा वॅट आणि मिनिटं सांगायला लागला. आबांनी हात वर केला. "सांगू नको. चहा मागव." आणि खरोखर समोरच्या टपरीवरून चहा मागवला, आधीचा नाही, नवा टाकायला लावला. दुकानातला दाखवायचा फोन सोळा टक्क्यांवर होता, तो त्या जाड चार्जरला लावला. आबा स्टुलावर बसून फोनकडं असे बघत होते जसं विणाऱ्या मेंढीकडं बघतात. दुकानात आलेली आणखी दोन गिऱ्हाइकंही थांबली. एक जण म्हणाला, अर्धा व्हईल. दुसरा म्हणाला, नाय होत. टपरीवाला मुद्दाम ओरडून विचारायला लागला, "उकळी आली हो, किती झालं?" चहा आला. आबांनी बशीत ओतला, फुंकून फुंकून प्यायला, नेहमीपेक्षाही सावकाश. बशी खाली ठेवली तेव्हा फोनवर सत्तावन्न टक्के होते.

अरे बापरे! मी टाळीच वाजवली. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जनावर कामाचं हाय."

इथवर सगळं गोड. मग आला किमतीचा प्रश्न, आणि आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून दुकानदाराच्या हातावर टाकलं. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालून बोटं दाबायची. इतकी बोटं म्हणजे इतके हजार, बघणाऱ्याला काही कळत नाही. आबांनी उपरण्याखाली त्याचा पंजा पकडला आणि आपला भाव दाबला. तो पोरगा दचकून हसायलाच लागला. "चाचा, गुदगुल्या होऊ लागल्या! ये क्या कर रहे?" आबांनी पुन्हा दाबला, जरा जोरात. मी म्हटलं, आबा, सोडा त्याचा हात, इथं भाव पाटीवर लिहिलाय. आबा म्हणाले, "पाटीवर लिवायला ते दवाखान्याचं बिल हाय का?" शेवटी भाव कमी नाही झाला, पण त्या पोरानं हसता हसता कव्हर आणि काच फुकटात बसवून द्यायचं कबूल केलं. आबांना वाटलं सौदा उपरण्यानंच झाला. वाटू दे.

पैसे कसे द्यायचे ह्यावरून मात्र खरी जुंपली. दुकानदारानं पर्याय मोजायला सुरुवात केली. हप्ते पाडून घ्या, व्याज शून्य. जुना फोन देऊन टाका, त्याचे कापून घेतो. क्यूआर स्कॅन करा. आणि बँकेचं कार्ड असेल तर त्यावर पंधराशेची सूट. माझ्याकडं ते कार्ड होतं! मी उड्याच मारल्या. आबा म्हणाले, "हप्त्याचं बोलू नका. अर्ध्या पैशाचं जनावर दावणीला बांधलं की ते आपलं नसतं, ते मालकाकडंच बघून वरडतं." बरं, हप्ता नको, मीही नकोच म्हणते. पण कार्डानं दिले तर पंधराशे वाचतात, तुम्ही मला रोख द्या. तर तेही नको! पैसे घेणाऱ्याच्या हातात देणाऱ्याच्या हातानं पडले पाहिजेत, नाहीतर सौदा पुरा होत नाही, जनावर रुळत नाही. मी म्हटलं, आबा, पंधराशे रुपये म्हणजे आईच्या दोन लुगड्यांचे पैसे आहेत, तुमच्या हाताला काय हिरे लागलेत? दुकानातली सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी आवाज खाली आणला. मग मधली वाट निघाली. मी कार्ड घासलं, आणि आबांनी वरून अकरा रुपये दुकानदाराच्या तळहातावर ठेवले, वाकून, नीट. त्यानंही ते कपाळाला लावून गल्ल्यात टाकले. मला तो पोरगा तेव्हापासून आवडला.

मी पलीकडं काच बसवणाऱ्याकडं उभी राहिले. आबा काउंटरवर खोकं भरून घेत होते. फोनला काच लागली, डाळिंबी कव्हर लागलं, मी तो कौतुकानं पर्समध्ये ठेवला, आणि आम्ही धावत-पळत बसस्टँड गाठलं. माझा चार्जर मी खोलीवरच ठेवला होता. नवा ऐंशी वॅटचा असताना ते मांजराच्या शेपटीएवढं जुनं कशाला वागवायचं?

एसटीत बसल्या बसल्या मी आबांचं कार्ड घालून फोन चालू केला. त्रेपन्न टक्के. व्हॉट्सॲप टाकलं, धाकटीच्या नवऱ्याचा नंबर टाकला आणि त्याला निरोप लिहिला, साडेसहाला घरी असा, आई व्हिडिओ करणार आहे. लगेच त्याचा अंगठा आला. कन्नडच्या त्या रस्त्यानं मी शंभरदा गेले असेन, पण त्या दिवशी ऊससुद्धा मला देखणा दिसत होता.

तळावर पोचलो तर आई कोकराच्या तोंडात मेंढीचा सड देत बसली होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले, परत धुतले. मग फोन दोन्ही तळव्यांवर घेतला. "किती गुळगुळीत हाय गं," म्हणाली. "घसरून पडंल माझ्या हातानं." तेवढ्यात बाकीच्या बिऱ्हाडांच्या बायका जमल्या. माझा फोटो काढ, माझ्या कोकराचा काढ, ह्याचा उजेड पडतो का, दाव की. मी म्हटलं, जरा बॅटरी जपून. तर आबा फेटा सारखा करत म्हणाले, "वापरा गं, वापरा! चहात भरतो त्यो." पैठण गेटची सगळी कथा त्यांनी उभ्यानं सांगितली. मग काय, एकीनं तिच्या भावाला व्हिडिओ लावला, दुसरीनं तिच्या. म्हाताऱ्या काकूनं उजेड लावून हरवलेली सुई शोधली. सुई सापडली, जल्लोष झाला. मीही त्यात होते, खोटं कशाला बोलू, सगळ्यात मोठ्यानं मीच हसत होते.

साडेपाच झाले तेव्हा फोनवर सात टक्के होते. वस्तीवरची लाईट सहाला जाणार होती. काही हरकत नव्हती, अर्धा तास म्हणजे दोन चहा. मी खोकं उचललं आणि आईला घेऊन वस्तीवर गेले. मालकिणीनं चहा ठेवला. मी ओट्यावर बसून खोकं उघडलं.

आत कागद होते. पुठ्ठा होता. कार्ड काढायची सुई होती. चार्जर नव्हता, वायर नव्हती. मी खोकं उलटं केलं, झाडलं, पुठ्ठ्याचे कप्पे फाडून बघितले. मग तिथूनच ओरडले, "आबा!"

आबा बांधावरून चालत आले. घाई काही नाही. मी विचारलं, "चार्जर कुठंय?"

"कसला?"

"ती जाड डबी! ती वायर!"

"ती व्हय," आबा म्हणाले. "ती त्याला परत दिली की."

मला वाटलं माझ्या कानात काही झालं. "परत? का?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी मेंढी आणि शेळीतला फरक विचारतेय. "अगं, घेतल्या जनावरासंगं विकणाऱ्याचं दावं कुणी आणतं का? दावं त्याचं त्याच्यापाशी राहतं. त्याच्या गोठ्याची बरकत आपण न्यायची नसती. मी सकाळी मेंढे विकले, तर माझी दावी आणली का नाय परत? आपलं दावं आपण आणायचं. त्यो पोरगा नको नको म्हणत व्हता, म्हटलं ठेव बाबा, तुझं भलं व्हईल."

"आबा! तो फोन आपण त्या दाव्यासाठीच तर घेतला! पाच हजार रुपये जास्तीचे त्या दाव्याचेच होते!"

मी तिथं काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मालकीण चहाचं भांडं धरून दारातच उभी राहिली. आणि आई? मला वाटलं आई तरी माझ्या बाजूनं बोलेल. आई म्हणाली, "ते बराबर हाय त्यांचं. दावं नसतं आणायचं." घ्या! नवरा-बायको एका जोखडाचे. वस्तीवर एकच चार्जर होता, बारक्या पिनेचा, बटनाच्या फोनाचा. त्यांच्या मुलाकडं बरोबरचा होता, पण मुलगा तो घेऊनच देवगावला गेलेला. माझा स्वतःचा फोन तर दुपारीच मेला होता. मी फोन बंद करून ठेवला. सहा वाजता लाईट गेली. चहा मी प्यायलेच नाही, रागानं.

साडेसहाला आम्ही तिघं बांधावर बसलो. उजेड अजून होता, पश्चिमेकडं तांबूस. फोन चालू केला तर चार टक्के. मी आईला म्हटलं, "हे बघ, लई वेळ नाही. कोकरं दाखवू नको, काय जेवलीस विचारू नको. जे विचारायचंय ते पहिलं विचार." आईनं मान डोलावली. मग कोरडेच हात परत पदराला पुसले. मला एकदम कळलं की तिला भीती वाटतेय, आणि माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला.

मी फोन समोर धरला. दोन रिंगा झाल्या आणि धाकटी दिसली. चेहरा भरून आलेला, डोळ्यांखाली काळं, केस ओले. तिनं आईला बघितलं आणि लगेच नाकाशी चिमटी नेली, आई, आई, आई. तीन टक्के. आईनं तिला तिथंच थांबवलं. हातानं पोट दाखवलं, कडेवर घेतलेलं लेकरू दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर थाप मारली आणि दोन्ही हात पसरून आपल्याकडं ओढले. माझ्याकडं येतेस का, माझ्याकडं?

धाकटी बघतच राहिली. हात मांडीवर पडलेले, हलेनात. आईचे हात तसेच पसरलेले. दोन टक्के. मी मनात म्हणत होते, अगं बाई, काहीतरी कर, नाही तर नाही म्हण, पण बोल. आणि एकदम सगळं हललं. भिंत गेली, दिव्याचा गोळा गेला, सासूचा चेहरा आडवा होऊन गेला. धाकटीनं फोन उचलून फिरवला होता. मग फोन थांबला. समोर पत्र्याची पेटी. पेटीवर आईनं लग्नात दिलेलं घोंगडं, गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. त्याच्याशेजारी फुगलेली कापडी पिशवी, तिचे बंद गाठ मारून आवळलेले. पिशवीवर तिच्या चपला, कागदात गुंडाळलेल्या.

मागून सासूचा आवाज आला, "अवं विहीणबाय, आठ-दहा दिस झालं, हे असं बांधून ठिवलंय तिनं! सोडू देईना अन् हात लावू देईना. कुठं जायचं इचारलं तर नाकाला चिमटी लावून बसती. आमाला वाटलं नाक दुखतंय, डाक्टरकडं बी नेऊन आणली..."

आई रडायला लागली का हसायला लागली, मला सांगता येणार नाही. आबांनी तोंड फिरवलं आणि फेट्याचा शेव डोळ्याला लावला. फोन परत फिरला, धाकटीचा चेहरा आला, आणि तिनं विचारलं, बोट पुढं टाकून, भुवया उंचावून: कधी? उद्या?

आणि फोन काळा पडला.

मी बटन दाबलं, दाबत राहिले. काही नाही. आबा तेवढ्यात उठून वस्तीच्या दिशेनं निघालेही होते, मालकिणीचा बटनाचा फोन मागून आणायला, म्हणजे सासूला सांगता येईल की आई सकाळच्या पहिल्या जीपनं निघतेय. पण आई उठली नाही. तिनं माझ्या हातातला फोन घेतला, मांडीवर उभा टेकवला आणि त्या काळ्या काचेसमोर हात हलवायला लागली. उद्या. उजाडता. मी येते. तू अंगावर गरम घाल. मी येते.

"आई," मी म्हटलं, "बंद पडलाय गं. तिला दिसत नाही."

"ठाऊक हाय मला," आई म्हणाली, आणि हात हलवत राहिली.